छाप आणि घाव

राणीछाप रुपयाच्या कडेवर, राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, धातूचा छोटासा गोळा आहे. विकणारा सांगतो, टांकसाळीतला ठसा त्या जागी फुटला होता, म्हणून तिथे चांदी उठून आली. असा रुपया पुन्हा मिळायचा नाही. ठसा फुटला की त्या जागी गोळा उठतो, हे खरेच आहे. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राणीछाप रुपयांना कडी डाखून ते गळ्यात घातले गेले, हेही तितकेच खरे आहे. कडी नेहमी मुकुटाच्या वरच लागे, कारण राणीचा चेहरा सरळ लटकायला हवा. पुढे माळ मोडली, कडी तुटली आणि डाख तेवढा रुपयाच्या कडेला राहून गेला.

दोन्ही गोळे वरवर सारखेच दिसतात. त्यांतला फरक मात्र नाणे उलटून पाहिल्यावर कळतो. फुटलेल्या ठशाच्या खळग्यात छापताना धातू घुसतो आणि तो मागच्या बाजूच्या धातूतूनच येतो. त्यामुळे गोळ्याच्या नेमक्या पाठीमागे नक्षी आणि अक्षरे अर्धवट, पुसट उठतात. डाखाच्या मागची बाजू धडधाकट असते. शिवाय ठशातून उठलेल्या गोळ्याचा आणि नाण्याचा रंग एकच असतो, दोहोंमध्ये शिवण नसते. डाखाचा रंग किंचित वेगळा, मळकट किंवा पिवळसर असतो. तो कडेच्या दातऱ्यांत ओघळलेला असतो, आणि भिंगाखाली त्याची हद्द बारीक रेघेसारखी स्पष्ट दिसते.

या पुस्तकात जे काही सांगायचे आहे, ते या उदाहरणात बरेचसे आले आहे. टांकसाळीत झालेली चूक एकटी नसते. नाणे म्हणजे एकाच क्षणात, चहूबाजूंनी दाबून घडवलेली वस्तू. त्या क्षणी एका जागी काही बिघडले, तर त्याचा परिणाम दुसऱ्या जागी उमटल्याशिवाय राहत नाही. तो दुसरा परिणाम म्हणजे चुकीचा साक्षीदार. नंतर बाजारात, चुलीपाशी, सोनाराकडे किंवा रेल्वेच्या रुळावर झालेला घाव आपल्या जागीच थांबतो, किंवा मागे ठेवतो त्या खुणा टांकसाळीच्या नसतात. साक्षीदार शोधण्याची सवय लागली की निम्मी पारख आलीच.

त्यासाठी नाणे बनते कसे, हे आधी माहीत हवे. मुंबईच्या फोर्टमधली टांकसाळ १८२९ साली वाफेच्या यंत्रांवर उभी राहिली. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या साऱ्या मुलखाला १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, एकच रुपया मिळाला. यंत्रे बदलली, धातू बदलले, तरी कामाचा क्रम आजही जवळपास तोच आहे. धातू वितळवून त्याच्या पट्ट्या ओततात, त्या लाटून ठरलेल्या जाडीच्या करतात, त्यांतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उचलतात, ती तापवून मऊ करतात, धुतात. मग ती छापयंत्रात खालच्या आणि वरच्या ठशांमध्ये येते. भोवती पोलादी कडे असते. ठसे मिटतात आणि दोन्ही बाजू व काठ एकदम उमटतात. चूक चकतीत असू शकते, ठशात असू शकते, नाही तर ठसे मिटण्याच्या त्या क्षणात. चौथी जागा नाही. नाणे यंत्रातून खाली पडले की पुढचे सगळे टांकसाळीबाहेरचे.

ठसा नाण्याच्या उलट असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण नाणे हातात आले की नेमके तेच विसरायला होते. नाण्यावर जे उठावदार, ते ठशावर खोल. म्हणून ठशाला तडा गेला की ती खोल भेग प्रत्येक नाण्यावर उठलेली रेघ म्हणून येते. ही रेघ अक्षरांवरून, चेहऱ्यावरून, मोकळ्या जागेवरून अखंड जाते. तिच्या दोन्ही बाजूंचा धातू शांत असतो, कुठे ढकललेला दिसत नाही. नाण्यावर ओरखडा पडला तर रेघ खोल असते, आणि बाजूला सारलेला धातू तिच्या काठाने बांधासारखा उभा राहतो. नखाने चाचपले तरी तो लागतो. खोल रेघ दाखवून कुणी "डाय क्रॅक" म्हणत असेल, तर पुढचे बोलणे ऐकण्याची गरज नाही.

हाच नियम अमेरिकेच्या एका प्रसिद्ध नाण्याला लावून पाहावा. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटच्या नाण्याचा ठसा वाजवीपेक्षा जास्त घासला गेला, आणि त्यावरच्या रानरेड्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. तीन पायांच्या त्या रेड्याला मोठी किंमत येऊ लागली, तसे साध्या नाण्यावरचा पाय कानशीने उडवणारेही निघाले. खऱ्या नाण्यात रेड्याच्या पोटाखाली बारीक उठलेल्या ठिपक्यांची ओळ असते. ती झिजलेल्या ठशाची खूण. कानस धातू काढू शकते, उठावदार ठिपका घडवू शकत नाही.

आपल्याकडे सर्वात जास्त खोटेपणा चालतो तो कापलेल्या नाण्यांत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडताना पुढची वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुरीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. पट्टी यंत्रात पुरेशी पुढे सरकली नाही की चकतीचे अगदी हेच होते. संग्राहक याला "क्लिप" म्हणतात. पट्टीच्या टोकाला वाटी पडली तर खाच सरळ येते. आता पाव आणा घ्या, राणीछाप तांब्याचा. पुरे वजन १०० ग्रेन, म्हणजे साधारण ६.४८ ग्रॅम. त्याला डाव्या बाजूला खाच आहे. खाचेकडे आधी पाहूच नका; तिच्या बरोबर समोरची, उजवी कड पाहा. खरी क्लिप असेल तर समोरची कड बहुधा दबलेली, चपटी, मणी पुसट झालेली असते. कारण कड उचलणारे यंत्र चकतीला दोन बाजूंनी दाबते. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूला दाब मिळणार कुठून? साक्षीदार हा असा, नाण्याच्या दुसऱ्या टोकाला उभा.

आता खाचेकडे या. छापताना खाचेपाशी धातूला अडवणारे कडे नसते, म्हणून तो मोकळ्या जागेकडे वाहतो. खाचेजवळची अक्षरे थोडी ताणलेली, सैल, तिकडे झुकलेली दिसतात. खाचेचा काठ गुळगुळीत आणि किंचित गोलसर असतो, त्यावरचा काळेपणा नाण्याच्या बाकी अंगासारखाच. कात्रीने किंवा छिन्नीने कापलेल्या नाण्यात अक्षर कापाच्या रेघेपर्यंत पूर्ण ठसठशीत येते आणि तिथेच तुटते. अर्धे अक्षर पूर्ण उंचीचे असेल, तर कापणारा टांकसाळीतला नव्हता. कापाच्या काठावर खालच्या बाजूला बारीक धार राहते, आणि धातू ताजा, चकचकीत किंवा ॲसिडने घाईघाईत काळा केलेला असतो. १९६०च्या दशकापासून आलेली एक, दोन, तीन पैशांची ॲल्युमिनियमची नाणी तर साध्या कात्रीने कापली जातात. त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या "क्लिपा" विशेष संशयाने पाहाव्यात. तीन पैशाच्या षटकोनी नाण्याची बाजू कानशीने घासून त्याचा पंचकोन करायलाही फार वेळ लागत नाही.

यानंतर ब्रोकेज. छापलेले नाणे कधी कधी ठशाला चिकटून बसते, खाली पडत नाही. वर नवी चकती येते. तिच्या एका बाजूला ठसा भेटतो आणि दुसऱ्या बाजूला ते चिकटलेले नाणे. परिणामी नव्या नाण्याची एक बाजू नेहमीसारखी उमटते आणि दुसऱ्या बाजूवर तेच चित्र उलटे आणि खोल येते, जणू राजा धातूच्या आत शिरून पलीकडे पाहतो आहे. हे नाणे हातात आले की कुणालाही मोह होईल, मलाही होतो. म्हणूनच त्याची नक्कल फार होते. दोन साधी नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसच्या जबड्यात पिळली, की एकाचा उठाव दुसऱ्यात रुततो.

इथे नाणे दोनदा पाहायचे. पहिल्यांदा उलट्या चित्राखाली काय आहे ते पाहायचे. खऱ्या ब्रोकेजच्या त्या बाजूवर आधी काहीच नव्हते, कोरी चकती होती. म्हणून खोल चित्राखेरीज तिथे दुसरी एकही रेघ नसते. व्हाइसमधल्या नाण्यावर मूळ चित्र आधीच होते. ते चेपलेले, पसरलेले, पण हजर असते, आणि त्याच्या अंगावर उलटी अक्षरे आडवीतिडवी बसलेली दिसतात. दुसऱ्यांदा मागची बाजू पाहायची. खऱ्या ब्रोकेजची मागची बाजू ताजी, पूर्ण उठावाची. व्हाइसमधल्या नाण्याच्या मागच्या बाजूला जबड्याचा सपाट दाब बसलेला असतो. राजाचा गाल, कान, मुकुटाचे टोक हे सर्वांत उंच भाग प्रथम चपटे होतात आणि तिथे एक मेलेली चमक येते. साक्षीदार इथेही आहे, फक्त तो दुसऱ्याच गुन्ह्याची साक्ष देतो.

बाकीच्या चुका इतका वेळ मागत नाहीत. छाप एका बाजूला सरकून चकतीचा काही भाग कोरा राहिला, तर कोऱ्या भागाला चकतीचा मूळ पोत असावा. घासून सपाट केल्याच्या रेघा असू नयेत. भोवतीचे कडे नसताना छापलेले नाणे नेहमीपेक्षा रुंद आणि बिनदातऱ्याचे होते, पण वजन पुरेपूर भरते. हातोड्याने रुंद केलेल्या नाण्याचेही वजन भरते, पण त्याची अक्षरे मेदवृद्धी झाल्यासारखी जाडी आणि बसकी होतात. ठशात तेल-मळ साचून अक्षर नाहीसे झाले, तर ते हळूहळू विरत जाते आणि जागेची मूळ चमक शाबूत राहते. खरवडलेल्या अक्षराच्या जागी चमक मरते. दुहेरी अक्षरांबद्दल नव्या संग्राहकांचा फार गोंधळ होतो. ठसा बनवतानाच दोनदा छाप बसला असेल तर अक्षराच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे स्पष्ट वेगळे दिसतात. अमेरिकेच्या १९५५ च्या एका सेंटवर हे नुसत्या डोळ्यांनाही दिसते. छापून झाल्यावर ठसा किंचित हलला तर अक्षराच्या अंगातलाच धातू चेपला जाऊन एक सपाट पायरी तयार होते. असे असंख्य नाण्यांवर असते, आणि त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

एक चूक मात्र बाहेर कुणाला बेमालूम करता येत नाही, म्हणून ती मला विशेष प्रिय आहे. प्रजासत्ताक भारताचे नाणे सिंह वर धरून उभ्या अक्षावर, उजवीकडून डावीकडे, उलटले की मागची बाजूही सरळच यायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली, तर एक ठसा आपल्या जागी फिरला होता. दोन नाणी तासून, अर्धी अर्धी जोडून असे नाणे बनवता येते खरे, पण त्याच्या कडेवर सांधा येतोच, आणि तो सापडतो.

वर सांगितलेले सारे यंत्रावरच्या नाण्यांना लागू आहे. ते हातावरच्या नाण्यांना लावणे हा आपल्याकडच्या बाजारातला सर्वात मोठा घोटाळा. शिवराईवर "श्री राजा शिव" पूर्ण बसलेले क्वचितच सापडते. "छत्रपति" मधला "ति" बाहेर गेलेला असतो, कड फाटलेली असते, छाप एका बाजूला सरकलेला असतो. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकती हाताने तोडलेली, आणि वरून घणाचा घाव. त्यात हे सारे नेहमीचेच. पेशवाईतल्या अंकुशी रुपयाचेही तसेच. अशा नाण्याला "ऑफ सेंटर एरर" म्हणून विकणारा एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड. हातावरच्या नाण्यात अपवाद आहे तो सुबक, मध्यावर बसलेला, सगळी अक्षरे दाखवणारा छाप, आणि किंमत द्यायचीच तर त्याला द्यावी. दोनदा बसलेला छाप या नाण्यांत पुष्कळ आढळतो. तो कारागिराच्या हाताचा पुरावा म्हणून जपावा, चूक म्हणून नव्हे.

काही गोष्टी चूक वाटतात आणि चूकही नसतात, घावही नसतात. १८६२ साल कोरलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत त्याच सालाने निघत राहिले, आणि मुंबईच्या टांकसाळीने सालाजवळ बारीक ठिपके देऊन खरे वर्ष ओळखण्याची सोय केली. ते ठिपके ठशातले खड्डे नव्हेत. १८४० च्या व्हिक्टोरिया रुपयावर मानेखाली दिसणारी दोन अक्षरे ही चित्र कोरणाऱ्या विल्यम वायनची सही आहे. आणि १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावरचा प्रसिद्ध "डुक्कर" हा खरे तर राजाच्या पदकमाळेतला हत्ती आहे. त्याची सोंड आखूड आणि पाय बुटके कोरले गेल्याने लोकांना तो डुक्कर वाटला, गवगवा झाला, रुपये परत घेतले गेले आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट करून नवा ठसा आला. ती चित्रकाराची चूक, छापणाऱ्याची नव्हे. टांकसाळीने प्रत्येक नाणे अगदी ठशाबरहुकूम छापले होते.

आता घावांविषयी, कारण या पुस्तकाचा मोठा भाग त्यांचा आहे. नंतर पडलेला घाव म्हणजे कचरा, हे मला मान्य नाही. मोगल आणि मराठा रुपयांवर सराफांनी चांदी तपासायला मारलेले छोटे ठसे असतात. कधी सूर्य, कधी फूल, कधी नुसता खड्डा. टांकसाळीच्या दृष्टीने ती इजा आहे. पण त्या खुणांमधून तो रुपया कितीदा पारखला गेला, किती पेढ्यांवर त्याला बट्टा बसला असेल, हे दिसते. रुपयावरच तोळ्याचे वजन ठरले, म्हणून अनेक बंदे रुपये तराजूत वजन म्हणून बसले, घासले गेले, त्यांच्या कडा उडाल्या. लमाण बायकांच्या पोशाखात नाणी शिवली गेली, ढब्बू पैशांना भोके पडली. हे घाव वाचायला शिकणे टांकसाळीची चूक ओळखण्याइतकेच मोलाचे आहे. माझी तक्रार घावाबद्दल नाही. घावाला छाप म्हणून विकण्याबद्दल आहे.

आणि ती तक्रार मी मोठ्याने करतो आहे, कारण फसणारे बहुतेक गरीब असतात. आजोबांच्या पेटीत सापडलेले वाकलेले दहा पैसे लाखाला जातात, अशा बातम्या फोनवरून गावोगाव पोचतात. मग "नोंदणी फी" आणि "कमिशन" मागणारे येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक नाही, तिच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. तांब्याचे नाणे तांदूळ ओढते म्हणून ते लाखो रुपयांना विकणाऱ्या टोळ्या आहेत. कंपनी सरकारच्या नावाने १८१८ साल घालून छापलेली रामदरबाराची नाणी आहेत. तशी नाणी कंपनीने कधीच काढली नव्हती. यातले कोणतेही नाणे काट्यावर ठेवून, भिंगाखाली धरून, दोन्ही बाजू पाहिल्या असत्या, तर पहिल्या पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते.

लागणारी साधने थोडी आहेत. दशांशापर्यंत वजन दाखवणारा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक चुंबक, आणि तिरका उजेड देणारा दिवा. चुंबक इथे बराच बोलका ठरतो. चांदीचा रुपया त्याला चिकटू नये, १९४७ चा वाघछाप निकेलचा रुपया मात्र चिकटायलाच हवा. तांब्याचा मुलामा चढवून "वेगळ्या धातूचा एरर" म्हणून विकलेले स्टीलचे रुपयेही चुंबकाने लगेच उघडे पडतात. उजेड तिरका हवा, कारण सरळ उजेडात उठाव आणि खोली सारखीच दिसते. आणि उजेड कोणत्या बाजूने येतो हे लक्षात न ठेवता काढलेल्या छायाचित्रात तर खोल रेघ उठलेली वाटू शकते. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक चित्राशेजारी उजेडाची दिशा बाणाने दाखवली आहे. फोटोवरून विकत घेणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो मागावेत. देणारा नाही म्हणाला, तर घेऊ नये.

खऱ्या नाण्यांची नजर पुस्तकाने येत नाही, ती नाणी हाताळूनच येते. एररच्या मागे लागण्याआधी साधी, निर्दोष नाणी खूप पाहावीत: पावल्या, अधेल्या, चवल्या, भोकाचे पैसे, जे मिळेल ते. पुण्याच्या जुन्या बाजारात ती अजूनही ढिगाने असतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिथले संग्रहालय आहे, तिथे प्रत्येक संग्राहकाने एकदा तरी जावे. साधे नाणे कसे असते हे डोळ्यांत बसल्याशिवाय वेगळे नाणे वेगळे का, हे कळणार नाही.

शेवटी एक सूचना प्रकरणांच्या रचनेविषयी. पहिली पाच प्रकरणे चकती, ठसा आणि छाप यांतल्या चुकांची आहेत, पुढची चार घावांची, आणि शेवटचे एक अशा नाण्यांचे आहे, ज्यांचा निकाल मला लावता आला नाही. त्या प्रकरणातल्या प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास आणि सर्व बाजूंची छायाचित्रे दिली आहेत, आणि दोन्ही बाजूंचे पुरावे शेजारी शेजारी मांडले आहेत. तिथे वाचकाने माझ्याशी वाद घालावा. आणि घरात तसलेच एखादे नाणे असेल, तर चिंच, राख किंवा पितांबरी लावून ते उजळू नये. घासलेल्या नाण्यावर साक्षीदार उरत नाही.